कायद्याच्या अधिकाराशिवाय

मागच्या वर्षी जुलैमध्ये, रिटर्नच्या गर्दीच्या दिवसांत, भोसरीचे एक वर्कशॉपवाले माझ्या नारायण पेठेतल्या ऑफिसात आले. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, सात कामगार. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना सुटे भाग करून देण्याचं त्यांचं काम. कापडी पिशवीतून त्यांनी आधी नोटिसा काढल्या, मग स्पायरल बाइंडिंग केलेलं अकरा पानांचं एक ‘कायदेशीर उत्तर’ माझ्यापुढं ठेवलं.

“साहेब, हे एकदा वाचा. इन्कम टॅक्स घटनेतच बसत नाही म्हणतात. चार वर्षं झाली, मी रिटर्न भरलंच नाही.”

ते उत्तर त्यांनी ३५,००० रुपयांना विकत घेतलं होतं. आधी एका हॉलमध्ये मार्गदर्शन झालं होतं, खुर्च्या भरलेल्या होत्या, बोलणारा माणूस कलमं तोंडपाठ म्हणत होता. मी पानं उलटत गेलो. मेहनतीचा मोबदला म्हणजे उत्पन्न नव्हे. रिटर्न आपण स्वतः भरतो, म्हणजे कर ऐच्छिक आहे. हा कर इंग्रजांनी फक्त पाच वर्षांसाठी आणला होता. आणि सातव्या पानावर, ठळक अक्षरांत: सोळावी घटनादुरुस्ती रीतसर संमत झालेलीच नाही, म्हणून प्राप्तिकर घटनाबाह्य आहे.

त्या ओळीवर मी थांबलो. आपल्या घटनेची सोळावी दुरुस्ती १९६३ सालची. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता यांसाठी भाषणस्वातंत्र्यावर कोणती बंधनं घालता येतील, उमेदवारांनी कोणती शपथ घ्यायची, हा तिचा विषय. प्राप्तिकराचा तिच्यात उल्लेखसुद्धा नाही. प्राप्तिकराशी संबंध आहे तो अमेरिकेच्या सोळाव्या दुरुस्तीचा. कुणीतरी तिकडचा मजकूर उचलून त्याचं मराठी केलं होतं आणि तो भोसरीतल्या एका कष्टकरी माणसाला त्याच्या बचावाचा कागद म्हणून विकला होता. पंचवीस वर्षं करसल्ल्याचं काम करतो आहे, पण त्या दिवसाइतका राग मला क्वचितच आला असेल.

हा लेख त्या रागातून लिहितो आहे. पण त्यात फक्त फसवणाऱ्यांबद्दल लिहून भागणार नाही. ‘कर बेकायदा आहे’ असं म्हणणाऱ्यांइतकंच, ‘सरकारनं मागितलं की मुकाट्यानं भरायचं’ असं म्हणणाऱ्यांबद्दलही मला बोलायचं आहे. घटनेतलं एकच वाक्य दोघांनीही अर्धंच वाचलेलं आहे.

आधी अमेरिकेचं, कारण मूळ तिथलं आहे. त्यांच्या घटनेत प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून आकारण्याची अट होती. १८९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तेव्हाचा प्राप्तिकर या अटीवर अवैध ठरवला. म्हणजे प्राप्तिकराच्या वैधतेला दिलेलं आव्हान तिथं एकदा खरोखरच यशस्वी झालं होतं. मग १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती झाली, ही अट प्राप्तिकरापुरती निघाली आणि १९१६ मध्ये त्याच न्यायालयानं नवा कर वैध ठरवला. प्रश्न तिथंच संपायला हवा होता. संपला नाही. दुरुस्ती नीट मंजूर झाली नाही, पगार म्हणजे उत्पन्न नव्हे, कर ऐच्छिक आहे, अशा युक्तिवादांवर तिकडं पुस्तकं खपली, शिबिरं भरली. न्यायालयांनी ते इतक्यांदा फेटाळले की असा निरर्थक मुद्दा रिटर्नमध्ये घातला तर ५,००० डॉलरचा दंड कायद्यातच लिहून टाकला आहे. या मंडळींचा एक नामांकित प्रचारक, आयर्विन शिफ, २०१५ मध्ये तुरुंगवास भोगत असतानाच वारला.

तिथला १९९१ चा एक निकाल मात्र प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. जॉन चीक नावाचा विमान कंपनीतला वैमानिक अशाच शिबिरांना जाऊन रिटर्न भरायचं थांबला. न्यायालयानं म्हटलं, कायदा किचकट आहे. तो समजण्यात माणसाची खरोखर गल्लत झाली असेल तर हेतुपुरस्सर गुन्हा केला असं म्हणता येणार नाही. पण कायदा कळला, आणि तो घटनाबाह्य आहे असं स्वतःच ठरवून कर बुडवला, तर हा बचाव नाही. वैधता तपासायची तर तिला न्यायालयात रीतसर आव्हान द्यावं लागतं. चीकवर पुन्हा खटला चालला आणि तो दोषीच ठरला.

आता आपल्याकडचं. पाच वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला आणि त्या कायद्याची मुदत १८६५ मध्ये खरोखर संपली. पण त्यानंतर वेगवेगळ्या रूपांत कर परत आला, १८८६ चा कायदा कायमचा म्हणून आला, मग १९२२ चा, मग १९६१ चा, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा. मेलेल्या कायद्याच्या नावानं जिवंत कायदा नाकारता येत नाही.

आणि घटना म्हणाल, तर अमेरिकेसारखी संदिग्धता आपल्याकडं उरलेलीच नाही. सातव्या अनुसूचीतल्या पहिल्या सूचीतली ८२ वी नोंद शेती सोडून इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार सरळ संसदेला देते. शेतीच्या उत्पन्नावरचा कर दुसऱ्या सूचीत, म्हणजे राज्यांकडं. ‘शेतकरी करमुक्त, मग आम्हीच का?’ असं पगारदार मंडळी तावातावानं विचारतात, तेव्हा मी त्यांना हे दाखवतो. दिल्लीला हा अधिकारच नाही, मुंबईला आहे. महाराष्ट्रानं १९६२ साली शेती-उत्पन्नावर कर बसवणारा कायदा केलाही होता. आज तसा कर घेतला जात नाही, हा राज्याच्या राजकारणाचा निर्णय आहे. मुळशीत नावापुरती भातशेती दाखवून कोट्यवधींचं उत्पन्न ‘शेतीचं’ म्हणणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही, पण त्याचं उत्तर विधिमंडळात मागायला हवं.

‘उत्पन्न’ या शब्दाचा अर्थही सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यापासून ऐसपैस घेतला आहे. आपल्या अकोल्याचं उदाहरण आहे. पुरुष ज्या भागीदारीत आहे, त्याच भागीदारीतून त्याच्या बायकोला आणि अज्ञान मुलांना मिळणारं उत्पन्न त्याच्याच नावावर धरायचं, असं १९२२ च्या कायद्यात होतं. दुसऱ्याचं उत्पन्न माझं कसं, असं म्हणत बालाजी नावाच्या करदात्यानं अकोल्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९६१ मध्ये ते हरले. कर चुकवण्यासाठी बायकोमुलांच्या नावानं भागीदाऱ्या उभ्या राहत होत्या, त्या रोखण्याचा अधिकार उत्पन्नावर कर बसवण्याच्या अधिकारातच येतो, असं न्यायालयानं म्हटलं. १९७३ मध्ये छापे आणि जप्तीची कलमं वैध ठरली. पॅनला आधार जोडण्याची सक्ती २०१७ मध्ये टिकली. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या ख्रिस्ती नन आणि धर्मगुरूंचा पगार त्यांच्या धर्मसंस्थेला जातो, म्हणून टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी कर कापणं, नको, ही मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली. टीडीएसची पद्धतच रद्द करा, ही जनहित याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकूनही घेतली नाही, उच्च न्यायालयात जा म्हणून सांगितलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग झालं की, भरा आणि गप्प बसा. नेमकं तिथंच माझं भांडण आहे.

घटनेचं २६५ वं कलम एका ओळीचं आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. यात दोन क्रियापदं आहेत, बसवणं आणि वसूल करणं. भोसरीच्या त्या अकरा पानांत पहिल्यावरच सगळा जोर होता, आणि ती लढाई आपण कधीच हरलो आहोत; हरलो ते योग्यच झालं, कारण सार्वजनिक खर्चाला पैसा लागतो आणि तो ज्याची कुवत जास्त त्याच्याकडून जास्त घ्यायला प्राप्तिकराइतका न्याय्य कर दुसरा नाही. दुसरं क्रियापद मात्र जिवंत आहे. या नोटिशीमागं कायदा आहे का? हा अधिकारी ती काढू शकतो का? मुदत उलटून गेली का? एकाच स्थितीतल्या दोन माणसांना दोन वेगळे न्याय लावले जात आहेत का? हे प्रश्न विचारणाऱ्यांनी या देशात अनेकदा सरकारला हरवलेलं आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला बशेशरनाथ यांचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यांनी अफाट नफा लपवला, त्यांच्या चौकशीसाठी १९४७ मध्ये एक आयोग नेमला होता. त्याची पद्धत नेहमीच्या प्राप्तिकर कायद्यापेक्षा जास्त कडक. १९५४ मध्ये सूरजमल मोहता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, करचुकव्यांचा वर्ग एकच असताना काहींना साधी पद्धत आणि काहींना ही कडक पद्धत, हे समतेच्या चौदाव्या कलमात बसत नाही; आणि त्या कायद्यातलं एक उपकलम रद्द केलं. बशेशरनाथ यांनी मात्र त्याआधीच आयोगापुढं तडजोड केली होती, साडेतीन लाख रुपये हप्त्यांनी भरायचं कबूल केलं होतं आणि हप्ते भरतही होते. सरकारचं म्हणणं, तुम्ही स्वतः सही केली, आता हक्क सांगू नका. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही तडजोडच टिकत नाही असं ठरवलं. समतेचा हक्क राज्यावर घातलेलं बंधन आहे, नागरिकानं सही करून ते सोडवता येत नाही.

बशेशरनाथ काही गरीब बिचारे नव्हते. त्यांनी उत्पन्न लपवल्याचं कबूलही केलं होतं. तरी हा निकाल मला मोलाचा वाटतो. आमच्याकडं येणारा घाबरलेला माणूस नोटीस आली की आधी सही करून मोकळा होऊ बघतो. “काका, किती ते सांगा, भरून टाकतो, कटकट नको.” त्या माणसाला मी सांगतो, थांब, आधी कागद वाचू. देणं असेल तर देऊ, व्याजासकट देऊ. पण सही करण्याआधी वाचू.

करकायदा समतेच्या कसोटीतून सुटत नाही, हे न्यायालयानं १९६० मध्येही दाखवलं. केरळात जमिनीवर सरसकट एकरी दोन रुपये कर लावला होता. मग ती सुपीक असो की त्यातून काहीच पिकत नसो. जंगल मालकीच्या एका घराण्याला उत्पन्नापेक्षा कितीतरी जास्त कर भरावा लागणार होता. असमानांना समान वागवणं हीसुद्धा विषमताच, असं म्हणून न्यायालयानं तो कर रद्द केला. अलीकडं, जानेवारी २०२३ मध्ये, सिक्कीमच्या प्रकरणात तेच झालं. सिक्किमी लोकांना प्राप्तिकरातून सूट होती, पण सिक्किमी स्त्रीनं १ एप्रिल २००८ नंतर बाहेरच्या माणसाशी लग्न केलं तर तिची सूट जायची. सिक्किमी पुरुषानं बाहेरच्या मुलीशी लग्न केलं तर त्याची सूट शाबूत. ही तरतूद न्यायालयानं रद्द केली. आव्हान देणाऱ्यांनी ‘प्राप्तिकर बेकायदा आहे’ म्हटलं नव्हतं. कायद्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं.

प्रत्येक वेळी न्यायालय योग्यच वागलं, असं मात्र मला वाटत नाही. १९८१ मध्ये सरकारनं खास धारक रोखे काढले. काळा पैसा त्यात गुंतवा, कुठून आणला ते कुणी विचारणार नाही, दहा वर्षांनी दहा हजारांचे बारा हजार घ्या. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याच्या तोंडावर मारलेली ही चपराक होती. घटनापीठानं, एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं तरी, ती योजना टिकवली आणि आर्थिक कायद्यांत संसदेला मोकळीक द्यायला हवी असं सांगितलं. ही मोकळीक देण्याचं तत्त्व मला पटतं, त्या योजनेला ती दिली हे आजही पटत नाही. पण दर किती, टप्पे किती, हे न्यायालयानं ठरवू नये याची कारणं उघड आहेत. १९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्यावरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. तो वेडेपणा कमी झाला तो संसदेतच. २०२२ मध्ये आठ लाखांपर्यंतचं उत्पन्न ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ ठरवणारं आरक्षण टिकलं, तेव्हा मग अडीच लाखांच्या वर कर कसा, असा प्रश्न घेऊन मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढं याचिका झाली. प्रश्न बिनतोड होता. त्याचं बरंचसं उत्तर २०२५ च्या अर्थसंकल्पात मिळालं, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य झाला तेव्हा.

आता एक ताजी आणि आपल्या उच्च न्यायालयातली गोष्ट, कारण तिच्यात माझ्याच कितीतरी अशिलांचे पैसे अडकले होते. नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर ८७अ कलमाखाली २५,००० रुपयांपर्यंत सूट मिळायची. समजा, सगळं जाऊन उत्पन्न सहा लाख, त्यात एक लाख शेअर विकून झालेला अल्पमुदतीचा नफा. पाच लाखांवर कर १०,०००, नफ्यावर १५ टक्क्यांनी १५,०००. एकूण २५,०००, सगळा सुटीत गेला, भरायचं काही नाही. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोर्टलवर असंच दिसत होतं. ५ जुलैला सॉफ्टवेअर बदललं आणि त्याच माणसाला १५,००० रुपये आणि वर उपकर भरायला सांगू लागलं. जूनमध्ये रिटर्न भरलेल्याला शून्य, शेजारच्या टेबलावर ऑगस्टमध्ये भरणाऱ्याला पंधरा हजार. कायद्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. सूट मागण्याचा रकानाच पोर्टल भरू देत नव्हतं.

मुंबईच्या कर सल्लागारांच्या संघटनेनं, चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सनं, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं मुदत १५ जानेवारीपर्यंत वाढवायला लावली आणि जानेवारी २०२५ च्या अंतिम निकालात सांगितलं की सूट मिळते की नाही हा वादाचा मुद्दा असू शकतो, पण ती मागण्यापासून नागरिकाला सॉफ्टवेअर अडवू शकत नाही. सूट द्यायचीच, असं न्यायालयानं म्हटलं नाही. मागू द्या, मग कायद्यानं ठरवा, एवढंच म्हटलं. त्यानंतर २०२५ च्या वित्त कायद्यानं अशा खास दराच्या उत्पन्नावर सूट नाही, असं स्पष्ट लिहिलं, आणि तेही पुढच्या वर्षांसाठी. मला हा बदल आवडला नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. संसदेनं उघडपणे केला, सगळ्यांना दिसेल असा केला. २६५ व्या कलमातला कायद्याचा अधिकार म्हणजे हाच. संगणकाची प्रणाली लिहिणाऱ्याला तो कुणी दिलेला नाही.

आणि संसदेनं केलं म्हणजे सगळं न्याय्य, असंही नाही. व्होडाफोनचं आठवा. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशात झालेल्या त्या कंपनी-खरेदीच्या व्यवहारावर कर बसत नाही. चारेक महिन्यांत कायदा दुरुस्त झाला, तोही १९६२ पासून लागू होईल असा. खेळ संपल्यावर नियम बदलून निकाल फिरवायचा. ती चूक मागं घ्यायला २०२१ साल उजाडलं. व्होडाफोनकडं वकिलांची फौज होती, आंतरराष्ट्रीय लवाद होता. पूर्वलक्षी दुरुस्ती एखाद्या हडपसरच्या दुकानदाराच्या बाबतीत झाली, तर तो कुठल्या लवादाकडं जाणार?

पुण्यात लोकांचा राग मला रोज ऐकू येतो आणि तो खोटा नाही. हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी सांगते, दर महिन्याला पगारातून कर कापला जातो आणि सोसायटीत पाणी टँकरनं येतं. मी तिला दोन गोष्टी सांगतो, दोन्ही तिला आवडत नाहीत. एक, कर म्हणजे शुल्क नव्हे. कराच्या बदल्यात ठराविक सेवा मिळेलच असं बंधन नसतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच स्पष्ट केलं आहे. दोन, टँकरचा जाब विचारायची जागा आधी स्थानिक संस्था आहे. पुणेकरांनी हे एकदा उत्तम करून दाखवलं आहे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत १९७० पासूनची. ती काढून घेतली गेली, तेव्हा गल्लोगल्ली लोक बोलू लागले, सोसायट्यांनी निवेदनं दिली, निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. ती मागण्यासाठीचा पीटी-३ अर्ज भरायला लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. मिळकतकरच घटनाबाह्य आहे, असं त्या रांगेतल्या कुणी म्हटलं नव्हतं.

या शहराची ती रीतच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळक आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव गेले ते सरकारचाच दुष्काळविषयक कायदा हातात घेऊन. पीक बुडालं असेल तर सारा तहकूब करण्याची तरतूद तुमच्यासाठी आहे, ती मागा, भीतीपोटी भांडीकुंडी विकून सारा भरू नका, असं ते शेतकऱ्यांना सांगत होते. सरकारला हे इतकं झोंबलं की सभेची मान्यता काढून घेतली गेली. आणि गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदे मंडळात पहिल्यांदाच अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले ते आकडे घेऊन. मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० वरून १,००० रुपये करा. तिथं त्यांच्या मागं बहुमत नव्हतं, मतदार नव्हते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मर्यादा हजारावर गेली आणि मिठाचा करही उतरला. फर्ग्युसनच्या रस्त्यानं जाताना मला ती हजार रुपयांची मर्यादा कित्येकदा आठवते. किती लहान कारकुनांच्या, मास्तरांच्या घरात त्या वर्षी चार पैसे जास्त उरले असतील!

मग आज लोक खोट्या अकरा पानांकडं का वळतात? फक्त लोभ म्हणून सोडून देता येणार नाही. खरं आव्हान महाग आणि लांब आहे, खोटं जवळ आणि स्वस्त आहे. पुण्यात प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण कायद्याचं कलम घटनेत बसतं की नाही हे न्यायाधिकरण ठरवू शकत नाही. ज्या कायद्यानं ते जन्माला आलं त्याची वैधता त्याला तपासता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालय. म्हणजे सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, फोर्टातले वकील, तारीख लागली नाही तर संध्याकाळी परत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पुणे त्या सहांत नाही. पुण्यात खंडपीठाची आपली मागणी इतकी जुनी की ती करणारे कित्येक वकील आता हयात नाहीत. आणि नुसतं अपील करायचं तरी वसुली थांबवायला साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के आधी भरा, असं २०१७ चं परिपत्रक. देशभर पहिल्या पायरीवरचीच पाच लाखांहून जास्त अपिलं तुंबलेली. ज्याला हक्काचा रस्ता इतका लांबचा दाखवला जातो, त्याला हॉलमधला वक्ता जवळचा वाटतो. सरकारला करावरचा लोकांचा विश्वास हवा असेल, तर पहिल्या अपिलाला कायद्यानंच निकालाची सक्तीची मुदत हवी, आणि ती उलटली तर मागणी गोठायला हवी. पुण्याला खंडपीठ हवं. आणि नागरिकावर बोजा टाकणारा पूर्वलक्षी बदल करायचाच नाही, हे सरकारचं आश्वासन म्हणून न राहता कायद्यात लिहिलेलं हवं.

भोसरीच्या त्या गृहस्थांचं पुढं काय झालं ते सांगतो. अकरा पानं मी बाजूला ठेवली. चार वर्षांचे बँकेचे उतारे, खरेदीची बिलं, कामगारांचे पगार, सगळं मांडायला तीन आठवडे लागले. त्यांचं खरं उत्पन्न काही फार नव्हतं. वेळेवर रिटर्न भरलं असतं तर पहिल्या वर्षी जेमतेम ४१,००० रुपये कर झाला असता. आता व्याज आणि दंड धरून तो कितीतरी पट झाला होता, कारण बँकेत जमा झालेली जवळजवळ सगळी रक्कमच उत्पन्न धरली गेली होती. तीन वर्षांचं देणं त्यांनी मान्य केलं.

चौथ्या वर्षाची नोटीस वाचताना मी पुन्हा थांबलो, सातव्या पानावर थांबलो होतो तसाच. ती निघाली तेव्हाच्या, म्हणजे ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या नियमानं, तीन वर्षं उलटून गेल्यावर जुनं प्रकरण उघडायचं तर वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागत होती. इथं मंजुरी होती, पण खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची. तारखा मी तीनदा मोजल्या. हा मुद्दा खरा होता, न्यायालयांनी मान्य केलेला होता आणि त्या ३५,००० च्या उत्तरात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ नोटिशीकडं बघत राहिले. “म्हणजे साहेब, इथं माझं बरोबर आहे?”

“या एका वर्षापुरतं आहे.”

अपील दाखल केलं. वीस टक्के भरले, त्यासाठी त्यांनी एक लेथ घेण्याचं पुढं ढकललं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो. मी पोर्टल उघडून बघतो. सुनावणीची नोटीस अजून आलेली नाही.